नव्याआधीचं मडकं

जव्हारच्या त्या संस्थेत संगणक एकच होता आणि तो चालवणारा गोकुळही एकच. पाड्यांवरच्या गोष्टी वेबसाइटवर टाकायच्या, त्या वाचून शहरातल्या लोकांनी मदत पाठवायची, असं ते काम. फोनच्या तारेवरून एक फोटो चढेपर्यंत चहा थंड व्हायचा. चढला की संस्थेच्या मुंबईच्या कचेरीतून रोहिणी मॅडमचा फोन यायचा, "गोकुळ, छान आहे, पण वाचणाऱ्याला काही वाटत नाही रे."

काय वाटायला हवं ते गोकुळला आता पाठ झालं होतं. नागलीच्या बियाण्यावर त्याने मन लावून लिहिलं, ते कुणी उघडून पाहिलं नाही. अनवाणी पोर दाखवलं की मात्र सगळ्यांना पाझर फुटायचा. वैतागून वैतागून बिचाऱ्याचा वैतागही संपला होता.

भाताची झोडणी उरकल्यावर तो खोडाळ्याजवळच्या पाड्यावर बायडीमावशीकडे गेला. आई गेल्यापासून हेच त्याचं घर. दरवर्षी नव्याला, म्हणजे नवा दाणा धान्याच्या देवीला, कणसरीमायला, दाखवून पहिल्यांदा शिजवतात त्या दिवशी, मावशी पहिली पत्रावळ त्याच्यापुढे मांडायची. तोवर भरल्या कणगीला कुणी हात लावायचा नाही. जुनं धान्य संपलं तर शेजाऱ्याकडून आणायचं, नाहीतर कंद उकडून भागवायचं.

कणगीला टेकून हसणाऱ्या मावशीचा फोटो त्याने पाठवला.

"हसणाऱ्या बाईला कोण मदत करेल?" मॅडम म्हणाल्या. "दुसरा नाही का एखादा?"

दुसरा होता. चुलीशेजारी पालथं घातलेलं भाताचं मडकं. गोकुळने त्याखाली लिहिलं, 'बायडीच्या घरात आज दाणा शिजला नाही.' शब्दाला शब्द खरा. का शिजला नाही, तेवढं लिहायचं त्याने राहू दिलं. सगळं समजावून सांगायलाही अंगात बळ लागतं, आणि ते त्याच्याकडे उरलं नव्हतं.

ते पान भलतंच गाजलं. पुढच्याच आठवड्यात तांदळाची पोती घेऊन शहरातली मंडळी जीपने पाड्यावर हजर. गोकुळ वाट दाखवायला पुढे बसला होता. एका बाईंनी छापून आणलेला मजकूर अंगणात उभं राहून मोठ्याने वाचला. मावशी पदर सावरून ऐकत राहिली. मग दारी आलेला पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून सूप घेऊन शेजारच्या नवशीकडे जुने तांदूळ मागायला गेली.

"बघा, मागून खावं लागतं," बाई हळहळल्या आणि त्यांनी त्याचाही फोटो काढला. आत भरलेल्या कणगीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गोकुळला तोंड उघडता आलं असतं. तो पोती उतरवत राहिला.

यंदा नव्याचं बोलावणं येणार नाही, असं त्याने मनाशी धरलं. पण मावशीची लेक सपना जव्हारला आली तेव्हा म्हणाली, "आयनं बोलवलंय तुला. नवं हाये."

गोकुळच्या जिवात जीव आला. रजा टाकून तो पहिल्या एसटीने निघाला.

कणसरीची पूजा झाली. नव्या भाताच्या वासाने घर भरून गेलं. पहिली पत्रावळ त्याच्याचपुढे आली. मग मावशीने सगळ्यांना मडक्यातला तांबूस, जाडा भात वाढला आणि गोकुळसाठी कोपऱ्यातलं वेगळं पातेलं उचललं. त्यातला भात पांढराशुभ्र होता, बारीक, जीपमधून आलेला.

"मावशी, मला नव्याचा नाही वाढलास?"

"कुठून वाढू बाबा?" मावशी अगदी मायेने म्हणाली. "माझ्या घरात दाणा नाय, असं तूच लिवलंस ना? जेव. पोटभर जेव."

गोकुळ मान खाली घालून जेवला. त्याचं संपत आलं तशी मावशी पातेलं घेऊन पुन्हा आली आणि तिने आग्रह करून आणखी वाढला. तोच.