एल रोब्लारची शेवटची गाडी

ओनोफ्रेनं तिसऱ्यांदा हॉर्न दाबला आणि या वेळी दाबूनच धरला. जंगलाच्या फाटकापलीकडे पाईनच्या झाडांत धुकं उतरलं होतं, त्यात तो आवाज बुडून गेला. गाडी भरली होती. रविवारी पायवाटा तुडवायला आलेली मंडळी चिखलाच्या बुटांनिशी पेंगत होती. एल रोब्लारच्या बायका उद्याच्या बाजाराच्या पाट्या पायांत घेऊन बसल्या होत्या. फक्त डॉन क्रिसांतोचा पत्ता नव्हता.

"म्हातारा मुक्कामाला राहिला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले.

"अरे ओनोफ्रे, माझी कोथिंबीर माना टाकायला लागली," डोन्या तिमोतेआ ओरडली. "उद्या बाजारात तिचं काय श्राद्ध घालू?"

"कोथिंबीर राहू द्या हो, मला सहाला ड्यूटीवर उभं राहायचंय," फ्लोरिदाल्मा म्हणाली. ती खाली राजधानीत, तेगुसिगाल्पाच्या इस्पितळात नर्स होती. दर रविवारी आईला भेटायला गावी यायची आणि याच गाडीनं परतायची. "माझ्या जागेवरची बाई सकाळपासून उभी आहे. तिनंही कुणाचं काय घोडं मारलंय?"

उशीर करणं हा डॉन क्रिसांतोचा धर्मच होता. सत्तरी उलटलेला न्हावी. दर रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं वर यायचा, ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसायचा, आणि शेवटच्या गाडीला सगळ्यांच्या शिव्या खात सगळ्यात शेवटी चढायचा. त्याचं दुकान शहराच्या खालच्या वस्तीत होतं. टोळीवाल्या पोरांनी हप्त्यासाठी त्याला इतकं पिडलं की एक दिवस त्यानं खुर्ची विकली आणि दाराला कुलूप लावलं. मुलगा त्याआधीच उत्तरेकडे, अमेरिकेच्या वाटेनं निघून गेला होता. मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत त्याचा फोन आला, पुढे नाही. "इथं झाडांत कसं," म्हातारा म्हणायचा, "मागून पावलं वाजली तर आपलीच असतात."

ओनोफ्रेशी त्याचं भांडणही ठरलेलं असे.

"तुमच्या बापाची गाडी आहे का, डॉन क्रिसांतो?"

"बापाची असती तर खिडक्यांना काचा असत्या, कप्तान."

आज ते भांडण झालं नव्हतं. धुकं फाटकाच्या अलीकडे आलं. ओनोफ्रेनं घड्याळाकडे पाहिलं, मालकाचा चेहरा आठवला, आणि गाडी सुरू केली.

"सुटलो एकदाचे," कुणीतरी म्हणालं.

पहिल्या वळणापर्यंत गाडी गेली. तिथं ओनोफ्रेनं सवयीनं आरशात पाहिलं. त्याच्या पाठीमागची म्हाताऱ्याची सीट रिकामी होती. एवढ्या गर्दीतही तिथं कुणी बसलं नव्हतं. त्यानं ब्रेक लावला. गाडी मागं घेताना डोन्या तिमोतेआच्या पाटीतले मुळे घरंगळत पार दारापर्यंत गेले.

"काय करतोस?" फ्लोरिदाल्मा ताडकन उभी राहिली. "डोकं फिरलंय का तुझं?"

"बघून येतो."

"आणि आम्ही?"

"आरडाओरडा करा हवा तेवढा. हॉर्नही वाजवत राहा. त्याला ऐकू तरी जाईल."

फाटकावरचा रखवालदार कालिक्स आणि चालायला आलेली दोन भावंडं, कॉलेजातली, त्याच्याबरोबर निघाली. इतकी वर्षं ओनोफ्रे माणसं आणून त्या फाटकाशी सोडत होता. आत मात्र तो कधी गेला नव्हता. त्याच्या शहरी बुटांचे तळ ओल्या पानांवरून सटकत होते. ओकच्या खोडांवर शेवाळ बोटभर जाड होतं, फांद्यांतून पाणी ठिबकत होतं. मागून गाडीचा हॉर्न यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. चौघे हाका मारत, म्हातारा नेहमी जायचा त्या धबधब्याच्या वाटेला लागले.

उत्तर आलं ते हाकेचं नव्हतं. खालच्या घळीत कुणीतरी दगडानं खोड ठोकत होतं.

डॉन क्रिसांतो घळीच्या तळाशी उताणा पडला होता. एक पाय जसा वळायला नको तसा वळला होता. दुपारपासून तो तिथंच होता. हात गोठलेले, ओठ निळे, दगड मात्र मुठीत घट्ट.

"कप्तान?" त्यानं मान जरा उचलली. "गाडी कुणाच्या भरवशावर सोडून आलास?"

"गप्प बसा. बोलू नका."

"लोक शिव्या देत असतील."

"देतायत. तुम्हाला नाही, मला."

म्हातारा हसायला गेला आणि कळवळला.

त्याला नुसतं उचलता येईना. हात लावला की ओरडे. कॉलेजातली मुलगी फाटकाकडे पळाली. ती परतली तेव्हा तिच्यामागून निम्मी गाडी आली होती. बाप्यांनी गाडीच्या अगदी शेवटची लांब सीट स्क्रू काढून खांद्यावर आणली होती. डोन्या तिमोतेआनं पाट्यांवरचं प्लॅस्टिक आणलं होतं. सगळ्यांच्या पुढे फ्लोरिदाल्मा होती. ड्यूटीचे पांढरे बूट चिखलात घालून ती घळीत उतरली, म्हाताऱ्याच्या पोटावरून हात फिरवला, आणि तिचा चेहरा बदलला. ओनोफ्रेनं ते पाहिलं. तिनंही त्यानं पाहिलेलं पाहिलं.

"पाय बांधू आधी," ती एवढंच म्हणाली.

म्हाताऱ्याला सीटसकट गाडीच्या मधल्या वाटेत ठेवलं. डोन्या तिमोतेआ खालीच फतकल मारून बसली आणि त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. खाली शहरापर्यंत रस्ता सगळा वळणांचा, त्यात खड्डे. वर फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी रुग्णवाहिका कोणती येणार होती! ओनोफ्रेनं जन्मात चालवली नव्हती इतक्या हळू गाडी चालवली. प्रत्येक खड्डा चाकाखाली येण्याआधी त्याच्या दाताखाली येत होता. कुणीतरी मागं हलक्या आवाजात जपमाळ सुरू केली. एल रोब्लारच्या खालचं गाव आलं तेव्हा तिथं उतरायचे ते चार जण उठलेच नाहीत.

"कप्तान," म्हातारा म्हणाला.

"बोला."

"तुझ्या मानेवरचे केस वाढलेत. किती रविवार मागून बघतोय. जिवाला त्रास होतो रे."

"मग सांगायचं होतं."

"आपलं भांडण चालू असतं ना. मध्येच कसं सांगू?" बराच वेळ श्वास घेऊन तो पुढं म्हणाला, "बरा झालो की कापतो. कात्री ठेवलीये मी. खुर्ची तेवढी विकली."

"कापा," ओनोफ्रे म्हणाला. "कानापाशी जरा जपून."

"मला शिकवतोस होय?"

मग तो थंडी वाजते म्हणाला. बाप्यांनी अंगातली जाकिटं काढून दिली. त्यानंतर कितीतरी वळणं गेली. खाली शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा फ्लोरिदाल्मा दांड्या धरत धरत पुढे आली आणि ओनोफ्रेच्या खांद्यापाशी उभी राहिली.

"ओनोफ्रे," ती हळूच म्हणाली, "आता हळू नाही चालवलीस तरी चालेल."

त्यानं मान हलवली. पण गाडी तशीच हळू चालत राहिली, थेट इस्पितळाच्या दारापर्यंत. मागून हॉर्न वाजत होते, लोक काचा खाली करून आई-बहीण काढत होते. त्यानं एकालाही बाजू दिली नाही.

सोमवारी सकाळी मालक डॉन आर्नुल्फोनं त्याला अंगणात बोलावलं. माणूस तसा वाईट नव्हता. दोनच गाड्या होत्या त्याच्या, आणि तोही त्याच टोळीला घाबरून असायचा. पण खालच्या थांब्यांवरची माणसं अंधारात ताटकळली होती. एक जण तर सकाळी दारात येऊन बोलून गेला होता.

"मेलाच ना शेवटी?" डॉन आर्नुल्फो म्हणाला.

"मेला."

"मग थांबून काय मिळवलंस?"

प्रश्न खरा होता, मालकानं टोमणा मारायला विचारला नव्हता. त्याला स्वतःलाही उत्तर हवं होतं. लिंबाच्या झाडाखाली कोंबड्या माती उकरत होत्या, त्यांच्याकडे तो पाहत राहिला.

"मला असा माणूस परवडत नाही," मालक शेवटी म्हणाला. त्याला हे बोलताना ओनोफ्रेकडे बघवत नव्हतं.

ओनोफ्रेनं किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

घरी जायचं सोडून तो खालच्या वस्तीत गेला. म्हातारा राहायचा ती खोली त्याला ठाऊक नव्हती. विचारत विचारत पोचला. घरमालकीण डोन्या ओतिलिया दारातच तांदूळ पाखडत होती. त्यानं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि छातीवर क्रूस काढला. मग उठून तिनं खोली उघडून दिली.

आत एक खाट, भिंतीला आरसा, आणि चुलीशेजारी पाण्यात भिजत घातलेले लाल राजमे. मूठभरच. फुगून भांड्याच्या काठाला आले होते.

"काल सकाळी भिजत घालून गेला," डोन्या ओतिलिया म्हणाली. "संध्याकाळी येऊन शिजवायचा. रात्री येईना, तेव्हा मीच पाणी बदललं. म्हटलं, उशीर झाला असेल. उशीर करायची खोडच होती मेल्याला." तिनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. "आता याचं काय करू? टाकून देऊ?"

"टाकू नका," ओनोफ्रे म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चूल पेटवली, भांडं वर ठेवलं, कांद्याचा तुकडा टाकला. राजमे शिजायला वेळ लागतो. ओनोफ्रे खाटेच्या कडेवर टोपी गुडघ्यावर घेऊन बसून राहिला. बाहेर कुठल्याशा गाडीचा वाहक थांब्यांची नावं ओरडत गेला. शेवटी तिनं एका ताटलीत राजमे वाढले, वर मक्याच्या भाकरीसारखी एक तोर्तिया ठेवली, आणि ती दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली, म्हणजे त्याला नीट जेवता येईल.