फॉर्मावर राहिलेलं नाव

मार्च लागला की चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, विम्याचा आठवडा यायचा. पुढच्या वर्षी दवाखान्याच्या कार्डावर घरातली कोणकोणती नावं ठेवायची, ते ज्यानं त्यानं येऊन सांगायचं. बायको-पोरं असायचीच. खरा घोळ पुढच्या रकान्यात होता : आईबाप घ्या, नाहीतर सासूसासरे. दोन्हीकडचे चालत नसत. त्या एका रकान्यापायी चिखल्याच्या कॉलनीत कितीतरी घरांत अबोला धरला जायचा.

घनश्यामच्या घरी मात्र कधी वाद झाला नव्हता. तो जमिनीखाली पंपावर होता. खाणीत झिरपणारं पाणी उपसून वर पाठवायचं काम. आई आधीच वारली होती; आठ वर्षं तो एकच नाव सांगत आला होता. सेवकराम, वडील.

सेवकराम नऊ वर्षांपूर्वी, मोहाच्या दिवसांत, साकोलीकडच्या आपल्या गावाहून फुलं वेचायला जंगलात गेला तो परतलाच नाही. वनखात्याची माणसं फिरली, पोलिसांत नोंद झाली. वाघानं नेलं म्हणावं तर रक्ताचा थेंब नाही, कपड्याची चिंधी नाही. पुढच्या साली घनश्यामला खाणीत नोकरी लागली आणि पहिल्याच फॉर्मावर त्यानं बापाचं नाव लिहिलं. ते वगळायचं म्हणजे बाप मेला असं आपल्या हातानं लिहून द्यायचं. ते त्याच्यानं होत नव्हतं.

यंदा ललितानं तोंड उघडलं. तिची आई कलाबाई दिवाळीपासून त्यांच्याकडेच होती. हृदयाची झडप अरुंद झालेली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. अंगणातून न्हाणीपर्यंत गेली तरी तिला दोनदा बसावं लागे.

"आयका ना," ललिता म्हणाली, "आठ वर्सं मी एका शब्दानं बोलली नाही. पण माय डोळ्यासमोर धापा टाकून राहिली. बाबा आलेच, तर पुढच्या साली टाकू त्यायचं नाव."

मुदतीला एक दिवस उरला असताना घनश्याम टाइम ऑफिसात कारकून रिताच्या टेबलासमोर जाऊन बसला. रितानं संगणकावर त्याचं पान उघडलं.

"वडलांचं काढू ना, भाऊ? सासूबाईचं टाकू?"

"टाका."

"मोबाइलवर ओटीपी येईन. तो सांगा."

मोबाइल वाजला. घनश्यामनं पाहिलं. ओटीपी नव्हता. विमा कंपनीचा संदेश होता : सेवकराम यांच्या उपचारासाठी साकोलीच्या दवाखान्यातून विनंती आली आहे.

रितानं वाकून वाचलं. "अवं, बाबा भरती हायेत काय? मंग नाव काहून काढून राहिले?"

घनश्यामनं खिशातून पाकीट काढलं. बापाच्या नावाचं कार्ड आत होतं, आठ वर्षांत कातड्याला चिकटून बसलेलं. हे कार्ड निघालं तेव्हा बाप हरवून वर्ष झालं होतं. बापानं ते पाहिलंच नव्हतं.

"आज राहू द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघून, दोन गाड्या बदलून तो दहाच्या सुमाराला साकोलीला उतरला. दवाखाना महामार्गाला लागूनच होता. अपेक्षा नावाची तरुण सिस्टर काउंटरवर होती. नाव सांगताच तिला आठवलं.

"काल आले होते ना. धोतर, हातात टोपली. पाय दाखवायचे म्हणाले. पाय पाहून मलेच कसंतरी झालं. धानाच्या रोवणीत दिवसभर उभं राहिल्यावर होतात ना, तसे पांढरे, भिजून सुरकुतलेले. आता मार्चात कुठं आलं पाणी?"

"कार्ड दाखवलं त्यायनं?"

"नाही. नंबर तोंडपाठ सांगितला. अकरा आकडे, एका दमात. नाव निघालं, म्हणून मी विनंती पाठवली. डॉक्टरांनी बोलावलं तवा बाकावर कोणी नव्हतं."

तिनं कागद समोर ठेवला. वय : अठ्ठावन्न. घनश्याम त्या आकड्याकडे बघत राहिला. बाप हरवला तेव्हा अठ्ठावन्नचाच होता. आज असता तर सदुसष्टचा असता.

"दिसत होते का तेवढेच?"

"हो ना. केसही काळेच होते."

खाली उजव्या अंगठ्याचा ठसा होता. ठशातून आडवी पांढरी रेघ गेली होती. धान कापताना विळा लागून बापाच्या अंगठ्यावर पडलेली ती खूण घनश्यामनं लहानपणी कितीदा बोट फिरवून पाहिली होती.

"काही बोलले?" त्यानं कसंबसं विचारलं.

"हो, विचारलं, घनश्यामनं नाव काढलं काय? मी म्हटलं, नाही, आहे अजून. तर म्हणाले, बरं. बस्, एवढंच. पण ते खुशीनं म्हणाले की कसं, ते नाही सांगता येत, भाऊ."

त्या बाकावर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. घनश्याम बाकापासून दूर भिंतीला टेकला. बाहेर ऊन रखरखत होतं, ट्रक जात होते. एवढ्यात ललिताचा फोन आला. मागून कलाबाईच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

"मायले तुमसरच्या दवाखान्यात घेऊन जाऊन राहिली," ललिता म्हणाली. ती रडत नव्हती. "तुमी तिकडचं पाहा. मी काही म्हणत नाही."

फोन ठेवताना ते भिजलेले पाय त्याच्या डोळ्यांपुढे आले; आपण नाव धरून ठेवलं म्हणून बाप इतकी वर्षं ना अलीकडे ना पलीकडे, पाण्यातच उभा होता की काय. मग त्यानं रिताला फोन लावला.

"काढा नाव. सासूचं टाका."

ओटीपी आला. सहा आकडे. तो एकेक आकडा मोठ्यानं सांगू लागला. चौथ्या आकड्याला त्याच्या मानेवर मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास आला, कोणी अगदी जवळ येऊन उभं राहावं तसा. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. डोळे मिटून उरलेले दोन आकडे सांगितले.

"झालं, भाऊ," रिता म्हणाली.

वास गेला होता. घनश्याम नऊ वर्षांत पहिल्यांदा हमसून हमसून रडला. अपेक्षानं काउंटरवरून येऊन त्याला पाणी दिलं.

एप्रिलमध्ये कलाबाईचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी ती आधाराशिवाय अंगणात फिरू लागली. त्यानंतर घनश्याम तिला आणि ललिताला घेऊन गावी गेला. देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून तलावाच्या बांधाखाली त्याला अग्नी दिला. भटजींनी विचारलं, तिथी कोणती धरायची? भाऊबंद म्हणाले, हरवला तो दिवस धरा.

घनश्यामनं यंदाच्या मार्चमधली, नाव काढलं त्या दिवसाची तारीख सांगितली.

"असं कसं, बापू?" एक म्हातारा म्हणाला. "नऊ वर्सं झाली त्याले जाऊन."

"त्या दिवसापर्यंत होते ते," घनश्याम म्हणाला.

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुढे कोणी काही विचारलं नाही. भटजींनी पंचांग उघडलं आणि ती तिथी शोधू लागले.