खुर्चीच्या आत्म्याचं गाणं

बटणबुवांच्या जुन्या वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत त्या दुपारी बघ्यांच्या गर्दीनं पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर एक जुनं, चंदेरी सिंथ, म्हणजे विजेवर सूर काढणारं यंत्र. त्यात सूर भरायचे, की ते लक्षात ठेवून यंत्र आपोआप बेस, म्हणजे गाण्याखालचे खर्जातले सूर, वाजवत राहतं. पण बुवांचं यंत्र म्हणे कुणी न भरलेले सूर वाजवायचं, समोर बसलेल्याच्या आत्म्यातून उचलून!

समोर बसला होता माझा धाकटा भाऊ, मांडीवर आईचं अकॉर्डियन घेऊन. आई गेल्यावर तिचं म्हणावं असं एवढंच घरात उरलं होतं. ते देऊन तो हे यंत्र घेणार होता. त्याला समजावून माझा घसा बसला होता.

बुवांनी वायर उपसली, यंत्राच्या पोटातले सेल काढले आणि डोळे मिटले.

"यंत्र समाधीत गेलं! बाजारात याच्या नव्या नकला मिळतात. त्यांच्यात फर्मवेअर असतं, कारखान्यातच भरून दिलेले हुकूम; आत्मा नसतो. कितीही वेळा बंद करा, भरलेलंच वाजवणार. मठ्ठ पाठांतर! हे मात्र अंतर्यामी!"

दहा मिनिटं हेच दळण. मग सेल बसले, वायर लागली, बटण दाबलं. डुबुक डुबुक करत एक तिरपागडी चाल सुरू झाली.

भावाचे डोळे भरून आले. "ताई, हे माझ्या आतलं आहे गं. माझ्याकडच्या नकलेतून दोन वर्षांत असं काही निघालं नाही."

मी रेडिओ दुरुस्त करते. यंत्राच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हटलं, "बुवा, आता माझा आत्मा ऐकवा. प्रवचन राहू द्या, मला घाई आहे."

"अहो बाई, विधी अर्धवट..."

तोवर मी वायर आणि सेल काढून लगेच परत लावलेसुद्धा. तीच चाल वाजली.

"अगंबाई!" मी म्हटलं. "आम्हा बहीणभावांत एकच आत्मा?"

लोक हसले. मग मी पुन्हा सगळं काढलं, यंत्रासमोर रिकामी खुर्ची ठेवली आणि सगळ्यांना दहा मिनिटं गप्प बसवलं. बुवांना ते फार जड गेलं. वीज दिली, तर नवीकोरी चाल! आणि खरं सांगू? खुर्चीची चाल भावाच्या चालीपेक्षा सरस होती.

"या जुन्या यंत्राची आठवण सेलवर जगते," मी म्हटलं. "वीज तोडली की ती पुसायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यासाठी प्रवचन. वीज परत आली की आतले कप्पे वाटेल तसे भरलेले असतात, आणि यंत्र तेच सूर समजून वाजवतं. नकलेत चाली वीज गेली तरी टिकतात, आणि मुद्दाम पुसल्या तर तिचं फर्मवेअर कप्पे कोरे ठेवतं. फरक एवढाच. यंत्र विसरभोळं आहे, बुवांनी त्याला अंतर्यामी करून टाकलं."

"पण याचा आवाज तरी..." बुवा पुटपुटले.

"आवाज झकास आहे. आवाज म्हणूनच विका की!"

भाऊ मात्र पडेल चेहऱ्यानं बसला होता. "म्हणजे माझ्या आतलं काही नव्हतंच?"

मला भडभडून आलं. "अरे वेड्या, यंत्रानं नुसते सूर सांडले. त्यात चाल ऐकू आली ती तुला. डोळे भरले ते तुझे."

मग अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवून त्यानं खुर्चीची चाल अडखळत वाजवली, आणि शेवट स्वतःच्या मनानं बदलला. हा शेवट यंत्राला सुचला नव्हता.

लोकहो, नवल वाटलं तर खुशाल वाटू द्या. फक्त घरातलं काही देऊन बसण्याआधी एकदा समोर रिकामी खुर्ची ठेवून बघा.

अकॉर्डियन जड आहे. घरी जाताना मी हात पुढे केला, तर भावानं मला ते उचलू दिलं नाही.