जकातघराची खिडकी

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गावात सगळे 'शिलालेख' म्हणतात. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल अशा बेतानं. जुन्या दगडी पुलाच्या टोकाशी, जिथं पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून जकात घेत, ते जकातघर म्हणजे आमचं राहतं घर. जिल्ह्यातल्या पुलाला, घड्याळाच्या मनोऱ्याला, इतकंच काय, बंद पडलेल्या पाणचक्कीलाही वारसा वास्तू म्हणून पितळी पाटी लागली होती. आमच्याच घराला तेवढी नव्हती, आणि मामंजींचा सगळा जीव त्या पाटीत अडकला होता.

सासूबाईंना पाटीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती खिडकी. पुलावरून अख्खी दुनिया ये-जा करते, तिचा आवाज स्वयंपाकाच्या ओट्यापाशी येतो, आणि बघायला समोर काळी भिंत. "मेली कोण एवढी खिदळत गेली?" असं त्या भिंतीलाच विचारायच्या. खिडकीचा विषय काढला की मामंजींचं उत्तर ठरलेलं, "मूळ बांधकामात नाही." जुन्याच्या बाबतीत खोटेपणा त्यांना खपत नसे. खुद्द त्यांच्या वडिलांनी बदललेली दाराची कडीसुद्धा ते पाहुण्यांना "ही मागाहूनची बरं का" म्हणून दाखवत. पाहुणे बिचारे चहाची वाट बघत.

एक दिवस वारसा समितीच्या बाई पाहणीला येणार असं कळलं. एकदा पाटी लागली की घरात खिळासुद्धा ठोकता येत नाही, हे मामंजींनी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

पाहणीच्या दिवशी मामंजी भल्या पहाटेच बाईंना आणायला शहरात गेले आणि इकडे सासूबाईंनी गवंडी बोलावला.

"आज नाही तर कधीच नाही," त्या मला म्हणाल्या. "तू कुणाच्या बाजूची?"

सुनेला विचारायचा प्रश्न आहे का हा? मी मुकाट्यानं घमेलं उचललं. विटांची भिंत फुटली, चौकट बसली, गिलावा झाला. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पुलावरून चाललेल्या पोस्टमनला उगाचच हाक मारली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी यायचे ते मामंजी दुपारीच बाईंना घेऊन दारात हजर! गवंडी मागच्या दारानं पसार झाला. आढं, कोनाडे, ती मागाहूनची कडी असं सगळं दाखवत मामंजी स्वयंपाकघरात शिरले आणि जागच्या जागी थिजले. ओट्यावर ऊन पडलं होतं. सासूबाई केसांत चुना घेऊन कोपऱ्यात उभ्या. खिडकी नवी म्हटली तर बाई ती बुजवायला लावणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बाईंनी चौकटीच्या कडेनं बोट फिरवलं. बोटाला ओला चुना लागला.

"ही खिडकी मूळची आहे?"

मामंजींनी खिडकीकडं पाहिलं. मग बराच वेळ सासूबाईंकडं.

"मूळचीच," ते म्हणाले. सवय नसल्यामुळं आवाज जरा चिरकला. "बांधणारा बसवायची विसरला होता, एवढंच."

बाईंनी बोट रुमालाला पुसलं. "विसरतात हो माणसं," असं म्हणून त्या पुढच्या खोलीकडं वळल्या.

मामंजी मागं रेंगाळले. सासूबाईंच्या केसांतला चुना त्यांनी हातानं झटकला आणि हळूच म्हणाले, "चौकट वाकडी बसलीय. पाटी लागायच्या आत सरळ करून घे."