टर्नरबाईंच्या पायाखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. खाली दोन जाड दांड्या आणि वर ठोकलेल्या चार पट्ट्या, बस्स. माझ्यावर उभे राहिले की माणूस वीतभर उंच होतो, एवढेच माझे कर्तृत्व. पण ही वीतभर उंची एका बाईंना मिळावी की नाही, यावरून एकदा अख्खा विभाग काम थांबवून उभा राहिला होता. त्या दिवसाची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझे मूळ म्हणाल तर खोक्याचे. कारखान्यात एक मोठे यंत्र आले आणि त्याचे रिकामे खोके कोपऱ्यात पडून राहिले. त्याच सुमारास लेथच्या विभागात पहिल्यांदा एक बाई कामाला लागल्या. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून तो हत्याराने तासायचे यंत्र, आणि ते चालवणारा तो टर्नर. आजवर तिथे सगळे पुरुषच. बायकांची जागा पलीकडे, पॅकिंगच्या खोलीत. त्यामुळे या नव्या बाईंचे नाव पहिल्याच दिवशी टर्नरबाई पडले. ठेवणाऱ्यांनी ते चेष्टेने ठेवले, बाईंनी मात्र मानाने मिरवले.

बाई कामात तरबेज, पण उंचीने बेताच्या. लेथचे हँडल त्यांच्या छातीशी येई. कोपर वर उचलून हँडल फिरवायचे म्हणजे हात थरथरणार, आणि हात थरथरला की माप चुकणार. त्यांची ही ओढाताण कारखान्यातल्या सुतारकाकांनी पाहिली. त्यांनी खोके फोडले, बाईंना लेथपाशी उभे करून माप घेतले आणि मला घडवले. पण काकांचा एक घोटाळा झाला. माप घेताना बाईंच्या पायात साध्या चपला होत्या, आणि काम करायचे ते जाड तळव्याचे बूट घालून. बाई बूट घालून माझ्यावर चढल्या, तर हँडल भलतेच खाली गेले. शेजारच्या लेथवरच्या ताडमाड टर्नरला सगळे उंट म्हणत. तो म्हणाला, बाई आता छताचे जळमट काढून द्या. काकांनी जीभ चावली, करवत आणली आणि माझ्या दांड्या दोन बोटे कापल्या. दुखले, पण माप बसले.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. अंगावर गरम लोखंडी कीस पडे, तेल सांडे, तरी मला त्याचे काही वाटत नसे. बाई जाताना मला फडक्याने पुसून ठेवत. उंट रोज विचारी, आज कितव्या मजल्यावर? बाई सांगत, तुमच्यापेक्षा एक खालीच. जेवणाच्या सुट्टीत बाई माझ्यावर बसून सुतारकाकांशी बोलत, तेव्हा मला त्यांच्या घरचेही कळे. सासूबाई सकाळची सगळी कामे एकट्या उरकत आणि म्हणत, तू एकदा कायम हो, शेजारणींची तोंडं मी बंद करते.

कायम होणे मात्र इतके सोपे नव्हते. बाईंची उमेदवारी संपत आली होती. मोठे साहेब येऊन काम बघणार, आणि मग त्यांना लेथवर ठेवायचे की पॅकिंगला पाठवायचे ते ठरणार होते. नेमक्या त्या सकाळी आमच्या विभागावर देखरेख करणाऱ्या फोरमनसाहेबांनी मला उचलायला लावले. यंत्राजवळ सुटे लाकूड नको, असा नियम होता. मी दाराशी, भट्टीत जायच्या लाकडांच्या ढिगावर जाऊन पडले. माझी तर पाचावर धारण बसली.

बाई आल्या आणि जागा रिकामी पाहून थबकल्या. मोठे साहेब समोरच उभे होते. फळीशिवाय मी मशीन सुरू करणार नाही, असे बाईंनी शांतपणे सांगितले. फोरमन काही दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच अपघाताची धास्ती होती.

"फळीवरून पाय घसरला तर जबाबदार कोण?" ते म्हणाले. "ज्याचा हात पोहोचतो त्यानंच लेथ चालवावं. तुम्हाला पॅकिंगला घेतो बाई, पगार तोच."

"पगार तोच, पण काम ते नाही ना, साहेब. मी हे शिकलेय."

एकेक करून सगळे लेथ बंद झाले. आणि मग बोलला कोण, तर उंट.

"माझा हात पोहोचतो, साहेब. जरा जास्तच पोहोचतो. इतकी वर्षं मी कमरेत वाकून काम करतोय. घरी गेल्यावर बायको पाठ चोळते आणि म्हणते, ती बाई मागते तरी, तुम्ही नुसते मूग गिळून बसता. तिला फळी मिळणार नसेल, तर मी माझं मशीन उंच करायला खाली ठोकळे कोणत्या तोंडानं मागू?"

मोठ्या साहेबांनी विचारले, मग ही यंत्रे नेमकी कोणाच्या मापाची आहेत? सगळ्यांच्या नजरा हळूहळू फोरमनकडे वळल्या. ना उंच, ना बुटके. हँडल बरोबर त्यांच्या कोपराशी. बिचारे स्वतःकडे बघतच राहिले. मग ते ढिगापाशी आले आणि त्यांनी मला स्वतःच्या हातांनी उचलले. घसरू नये म्हणून त्यांनी सुतारकाकांकडून माझ्या दांड्यांखाली तिथल्या तिथे रबर ठोकून घेतले. बाई माझ्यावर चढल्या. त्यांनी मशीन सुरू केले आणि हँडल फिरवले. तासलेला तुकडा मापात अचूक उतरला आणि बाई कायम झाल्या. पुढच्याच आठवड्यात उंटाच्या लेथखाली ठोकळे बसले. त्यानंतर त्याने मजल्याची चौकशी कधी केली नाही.

त्यानंतर पॅकिंगमधल्या कितीतरी जणी लेथ शिकल्या आणि माझ्यावर उभ्या राहिल्या. पुढे उंची कमीजास्त करता येणारे लेथ आले, आणि मी खिडकीखाली रंगाचे डबे पेलत बसले. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण भट्टीच्या वाटेवरून परत आलेल्या लाकडाने तक्रार करू नये. मला घडवणाऱ्या काकांचे, ढिगातून उचलणाऱ्या फोरमनचे, मागायला न लाजणाऱ्या बाईंचे आणि त्या उंटाचेही माझ्यावर फार उपकार आहेत.

मित्रांनो, एखाद्याचा हात पोहोचत नसेल, तर त्याला बुटका ठरवण्याआधी वस्तू कोणाच्या मापाने बनवली ते जरूर पाहा. आणि उपयोगी पडलेले लाकूड लगेच भट्टीत टाकू नका. परवाच भरघोस मिशांचा एक नवा टर्नर शेवटच्या जुन्या लेथवर आला. हँडल त्याच्या छातीशी आले. त्याने सरळ विचारले, "पायाखाली घ्यायला काही आहे का?" कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवले. त्याने डबे उतरवले, मला नेले आणि तो माझ्यावर उभा राहिला. कोणी हसले नाही. कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.