झाकणावरची चिठ्ठी

सासऱ्यांच्या कपाटात बंदूक एकही नव्हती. होतं ते बंदुकीचं सगळं गणगोत: चामड्याचे पट्टे, नळी साफ करायचे गज, गोळ्यांच्या पिशव्या आणि बारूद ठेवायच्या जुन्या पितळी कुप्या.

त्यांतल्या दोन कुप्या अगदी जुळ्या बहिणी. एक रिकामी. दुसरीत कुण्या शिकाऱ्यानं भरलेली बारूद तशीच थिजून बसलेली. सासरे ती जाणकाराकडून रिकामी करून घेणार होते, पण आज करू, उद्या करू यातच वर्ष सरलं. तोवर सुनेनं चिठ्ठ्या लिहिल्या, 'रिकामी' आणि 'भरलेली, आगीपासून लांब', आणि सासऱ्यांच्या सांगण्यावरून झाकणांना बांधल्या. कुपीच्या अंगाला बांधलं तर पितळेवर दोऱ्याचा वळ उठतो म्हणे.

काल तिनं सगळी झाकणं काढून लख्ख घासली आणि परत लावली. लावताना एका जुळीची पट्टा अडकवायची कडी निखळली. चिठ्ठीवर 'रिकामी' वाचून आज सकाळी तिनं ती गुपचूप आपल्या मामाच्या दुकानात कडी जोडायला दिली. मामा धातूला डाग देऊन तुटलेलं सांधायचा. तिला बाप आठवत नव्हता. आठवत होता तो मामाच. धडधाकट कुपी समोर ठेवून सासऱ्यांना चकित करायचं, एवढाच तिचा बेत.

दुपारी सासरे कपाटापाशी बसले होते. 'भरलेली' चिठ्ठीची कुपी हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"सूनबाई, हिचं झाकण कधी धड बसायचं नाही. केसभर फट राहायची. आज कसं बसलं?"

तिनं कुपी घेतली, झाकण फिरवून काढलं. आत तळाचं पितळ चमकत होतं.

चिठ्ठ्या झाकणांना होत्या, आणि झाकणांची अदलाबदल झाली होती.

तिनं मामाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. हातात आग असली की मी देवाचाही फोन घेत नाही, असं मामा स्वतःच हसत सांगायचा. सासरे काहीतरी विचारत होते, पण 'भरलेली मामाकडे गेलीय' एवढंच म्हणून ती चप्पल न घालताच निघाली.

दुकान दोन गल्ल्यांपलीकडे, पण रस्ता सरेना. एरवी ज्याचं नाव घ्यायला तिला सवड नसायची, तो देव आता पावलापावलाला तोंडात येत होता. देवा, माझं काय ते कर, पण त्याच्या हातांना धक्का लागू देऊ नकोस. मध्येच कुठंतरी धाडकन आवाज झाला आणि ती जागीच थांबली. कुठल्याशा दुकानाचं शटर होतं, कुणीतरी खाली ओढलेलं.

मामा पाठमोरा बसला होता. पकडीत कुपी, हातात निळी ज्योत. हाक मारली तर दचकेल, हात हलेल. ती दारातच वाकली आणि दाराशी ठेवलेल्या सिलिंडरची चावी फिरवली. ज्योत फुस्स करून विझली.

"सासरचा गॅस संपला म्हणून माझा बंद करायला आलीस होय?" मामानं वळून म्हटलं. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि पुढची थट्टा गिळली.

तिनं कुपी सोडवली. कोमट लागली. झाकण काढून ती तिथल्याच बादलीत बुडवली. आधी बुडबुडे आले, मग पाणी शाईसारखं काळं होत गेलं. मामा स्टुलावर बसला. कितीतरी वेळ तो आपल्या पंजांकडेच बघत होता.

"परक्याची असती तर आधी उघडून धुतली असती गं," तो हळूच म्हणाला. "चिठ्ठीवर तुझं अक्षर दिसलं."



तिचा फोन वाजला. सासरे होते. मामा सुखरूप आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग थांबून सांगितलं, की सगळ्या कुप्या त्यांनी टबात बुडवल्यात, कुठलं झाकण कुणाचं याची आता खात्री नाही म्हणून. दमट हातानं कुप्यांना कुणाला शिवू न देणारा हा माणूस.

"चामड्याचं वेष्टण असलेलीही?" तिनं विचारलं. ती त्यांची सगळ्यांत लाडकी.

"तीच पहिली," सासरे म्हणाले. "तू सावकाश ये. मामांजवळ बस थोडी."