काळजाला बिलगलेली

मी चरबी बोलतेय. पोटावरची नव्हे, ती मिरवते, तिच्यापायी लोक कंबरेचे पट्टे बदलतात. मी हृदयाला बाहेरून बिलगून असते. आरशात दिसत नाही, चिमटीत येत नाही. इतकी मी लाजाळू!

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे लिफ्ट बंद पडली की जिने चढण्याचा पहिला मान त्याचा. त्याला एचआयव्ही आहे. गोळी तो इमानेइतबारे घेतो. विषाणू रक्तात सापडेनासा झाला. तो निर्धास्त झाला आणि मी बाळसं धरलं. पूर्वीच्या गोळ्यांनी थोडा हातभार लावला, विषाणूमुळे अंगात धुमसत राहिलेल्या दाहानं थोडा, उभ्याउभ्या खाल्लेल्या तळकटानं उरलेला.

त्याचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले, पोट सुटलं. शेजारी म्हणायचे, तब्येत सुधारली हो तुमची! माणसांची नजर मोठी पारखी.

मग दुसऱ्याच मजल्यावर धाप लागू लागली. वय झालं, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली. एकदा मात्र छाती आवळून आली, तो जिन्यातच बसला, आणि ताईनं त्याला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घरात त्याचा आजार ठाऊक असलेली ती एकटीच.

बाईंनी माझा फोटो काढला. शेजारची रक्तवाहिनी अरुंद झालीय म्हणाल्या, औषध लिहिलं, आणि दुसरी काही गोळी चालू आहे का, असं विचारलं.

"नाही," मालक म्हणाला. पूर्वी एका दातांच्या डॉक्टरनं खरं ऐकताच त्याला खुर्चीवरून उठवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

ताई हळूच म्हणाली, "सांगून टाक. मी आहे ना."

मग तो म्हणाला, "एचआयव्हीची गोळी घेतो मी. रोज."

बाईंनी खुर्चीसुद्धा मागे सरकवली नाही. गोळीचं नाव विचारलं आणि लिहिलेलं औषध खोडलं. "बरं झालं सांगितलंत. त्या गोळीबरोबर हे चाललं नसतं."

बाहेर बाकावर बसून तो लहान मुलासारखा रडला. ताई पाठीवरून हात फिरवत राहिली. मला कुणी विचारलंही नाही.

आता जुळणारं औषध, ताईचा अळणी डबा आणि रोजचं चालणं यांनी माझा छळ मांडलाय. गेले नाही मी, पण वाढ खुंटलीय. तुम्हाला मात्र हात जोडून विनवते: बाबांनो, असेच लाजत राहा, डॉक्टरांपासून लपवत राहा. आमचा सगळा संसार तुमच्या गप्प बसण्यावर चाललाय.